मेगापिक्सेल जास्त, म्हणजे फोटो चांगला?

‘मेगापिक्सेल जितके जास्त, तितका फोटो चांगला’ हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. ऐकायला पटतंही.

एक मेगापिक्सेल म्हणजे १० लाख ठिपके. ए-फोर कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचं, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. त्याहून मोठं आपण छापतो कधी?

खरा फरक उजेडाचा. आजीचा मठारलेला तांब्याचा हंडा एकदा फ्लॅश मारून टिपा, मग त्याच मोबाइलने फ्लॅश बंद करून खिडकीशेजारी. फ्लॅशमध्ये पोटावर पांढरा चट्टा येतो आणि बाकी सगळं सपाट. खिडकीच्या तिरक्या उजेडात प्रत्येक ठोक्याला सावली मिळते, काठावर कोरलेलं नावही वाचता येतं. मेगापिक्सेल दोन्हींत तेवढेच! आधी लेन्सवरचा बोटाचा डाग तेवढा पुसा.