वितळलेल्या क्षारांतील सौर उष्णतासाठवण

आरशांनी एकवटलेली सूर्याची उष्णता वितळलेल्या क्षारांत साठवून सूर्यास्तानंतर तिच्यावर वीज निर्माण करण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. सौर पॅनेल प्रकाशाची थेट वीज करते. केंद्रित सौर ऊर्जेच्या प्रकल्पात मात्र आधी उष्णता, मग वाफ आणि मग टर्बाइन असा लांबचा मार्ग घ्यावा लागतो. पॅनेल अतिशय स्वस्त झाल्यानंतरही या मार्गाचे महत्त्व टिकून आहे, ते वाटेत उष्णता कित्येक तास धरून ठेवता येते म्हणून.

साठवणीसाठी बहुधा ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण वापरतात. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे बंदुकीच्या दारूत पडणारा सोरा. एरवी मिठासारखे पांढरे दिसणारे हे मिश्रण सुमारे २४० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते व पाण्यासारखे पातळ होऊन वाहू लागते. त्याला वाफेसारख्या दाबाच्या टाक्या लागत नाहीत, हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय. ६०० अंशांच्या आसपास त्याचे विघटन होऊ लागते. म्हणून तापण्यापूर्वीच्या क्षाराची ‘थंड’ टाकी २९० अंशांवर आणि तापलेल्या क्षाराची गरम टाकी ५६५ अंशांवर ठेवतात. एवढ्या फरकात एक टन क्षार सुमारे ११५ युनिट उष्णता धरतो व तिच्यातून साधारण ४५ युनिट वीज मिळू शकते. टाक्या एवढ्या प्रचंड का असतात, हे यावरून ध्यानात येते.

कॅलिफोर्नियातील ‘सोलर टू’ या प्रायोगिक केंद्राने १९९६ ते १९९९ या काळात ही पद्धत मनोऱ्यावर, म्हणजे उंच मनोऱ्याच्या माथ्याशी आरशांनी क्षार तापवून, सिद्ध केली. अशा मनोऱ्याचा पहिला व्यापारी प्रकल्प म्हणजे स्पेनच्या सेव्हिल प्रांतातील जेमासोलर (२०११). तेथे २,६५० आरसे सूर्यामागे वळत राहून सुमारे १४० मीटर उंच मनोऱ्याच्या माथ्यावर किरण पाडतात, १९.९ मेगावॉटचे हे केंद्र ऊन नसताना सुमारे १५ तास चालू शकते, आणि सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच त्याने सलग २४ तास वीज दिली.

खरी अडचण क्षार गोठण्याची आहे. एखाद्या नळीत तो थिजला, तर तेथला प्रवाह तुंबतो; म्हणून नळ्यांभोवती विजेच्या तापतारा गुंडाळतात आणि संध्याकाळी मनोऱ्यावरचा क्षार खाली टाकीत उतरवून घेतात. गळतीही तितकीच महागात पडते: नेवाडातील क्रेसेंट ड्यून्स हे ११० मेगावॉटचे केंद्र गरम टाकीच्या गळतीमुळे २०१६ च्या अखेरीपासून कित्येक महिने बंद राहिले.

राजस्थानात आबू रोडजवळच्या ‘इंडिया वन’ या १ मेगावॉटच्या प्रकल्पाने क्षार टाळून बिडाचा आधार घेतला आहे. तेथील ७७० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा आरसा ६० चौरस मीटरचा असून तिचे किरण एकवटतात त्या बिंदूशी बिडाचा जाड गाभा बसवला आहे. दिवसा तापलेल्या या गाभ्याच्या उष्णतेवर सूर्यास्तानंतरही वाफ तयार करता येते.