मतदानपूर्व चाचणी आणि एक्झिट पोल

निवडणुका जाहीर झाल्या की वृत्तवाहिन्यांवर ‘पोल’ हा शब्द दिवसभर कानांवर पडतो, आणि मतदानपूर्व जनमत चाचणीलाही एक्झिट पोल म्हणणारे लोक घरोघरी भेटतात. दोन्हींत माणसांना प्रश्न विचारूनच जागांचा अंदाज बांधला जात असला, तरी मतदारावर होणारा परिणाम वेगळा आहे, कारण पहिल्या चाचणीत उत्तर देणाऱ्याचे मत अजून त्याच्या हातात असते आणि दुसरीत ते यंत्रात बंद झालेले असते.

‘उद्या मतदान झाले तर तुम्ही कोणाला मत द्याल?’ असा मतदानपूर्व चाचणीतील प्रश्न असतो. उत्तर देणाऱ्याचे मन पुढे बदलू शकते, आणि मुख्य म्हणजे तो मतदानाला जाईलच याची खात्री नसते. एक्झिट पोलमध्ये प्रश्नकर्ता मतदान केंद्राबाहेर उभा राहतो, समजा दर दहाव्या मतदाराला थांबवतो आणि बोटावरची शाई वाळते न वाळते तोच त्याने कोणाला मत दिले हे विचारतो. काही वेळा तोंडी उत्तराऐवजी पक्षांची चिन्हे छापलेला कागद देऊन त्यावर खूण करायला आणि घडी घालून पेटीत टाकायला सांगतात, कारण गावातल्या चार ओळखीच्या माणसांदेखत खरे उत्तर द्यायला अनेक जण कचरतात. हा संकोच पूर्णपणे जात नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अनेक एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या.

आपल्याकडे सगळे मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करण्यावर कायद्याने बंदी आहे. पण मत देऊन झालेल्यांच्या चाचणीवर एवढी कडक बंदी का? कारण सगळे जण एकाच दिवशी मत देत नाहीत. त्याच निवडणुकीत नागपूरने १९ एप्रिलला मत दिले आणि मुंबईने २० मे रोजी. नागपूरचा एक्झिट पोल त्याच संध्याकाळी दाखवला असता, तर मुंबईकर मतदाराच्या दृष्टीने तो महिनाभर आधीच हाती आलेला कौल ठरला असता. म्हणून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही, आणि तो केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत ४ नोव्हेंबर १९८० रोजी पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे सव्वाआठ वाजले असताना एनबीसी वाहिनीने, मुख्यतः एक्झिट पोलच्या आधारे, अध्यक्षपदाचे उमेदवार रोनाल्ड रेगन यांचा विजय जाहीर केला. कॅलिफोर्नियात तेव्हा सव्वापाच वाजले होते आणि मतदान संपायला जवळपास पावणेतीन तास बाकी होते. तिथले मतदान चालू असतानाच रेगन यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पराभवही मान्य केला. अध्यक्ष ठरलाच असेल तर कामावरून सुटून रांगेत कशाला उभे राहायचे, असे एखाद्याला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्याच मतपत्रिकेवर स्थानिक पदांच्या लढतीही होत्या, आणि न आलेला मतदार त्यांनाही मुकला.

माझ्या मते आपल्याकडे मतदानपूर्व चाचणीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत ती दूरचित्रवाणीवर दाखवण्यास कलम १२६ प्रमाणे मनाई आहे, पण त्या कलमात छापील वर्तमानपत्रांचा उल्लेख नाही, आणि त्याआधीच्या आठवड्यांत तर ‘अमुक पक्षाची लाट’ असे मथळे मुक्तपणे फिरतात. आपला उमेदवार हरणारच असे वाचून घरी बसणारा आणि जिंकणारच असे वाचून घरी बसणारा, असे दोन्ही मतदार याच काळात तयार होतात. म्हणून अशी चाचणी वाचताना ती कोणत्या तारखांना घेतली, कोणी पैसे देऊन करवली आणि ‘अजून ठरवले नाही’ असे किती जणांनी सांगितले, हे आधी पाहावे. यातले शेवटचे उत्तर जागांच्या आकड्यांत दिसतच नाही, आणि अनेकदा निकाल तिथेच फिरतो.