पेशींची एकमेकींवरची पकड सुटते तेव्हा

‘दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं.’ जठराचा कर्करोग झालेल्या रुग्णाची पहिली तक्रार बरेचदा एवढीच असते. ॲसिडिटी समजून गोळी घेतली जाते, बरंही वाटतं, आणि तिथेच घात होतो. आम्ल कमी करणाऱ्या औषधाने कर्करोगाच्या व्रणाचा त्रासही काही काळ दबू शकतो. वजन उतरू लागतं, अंगातलं रक्त कमी होतं, शौच डांबरासारखं काळं होतं, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

एंडोस्कोपी करताना, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून तपासताना, जठरातून तिळाएवढे तुकडे काढतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींच्या रचनेवरून लॉरेन या फिनिश तज्ज्ञाने 1965 मध्ये या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार सांगितले. पहिल्यात पेशी एकमेकींना धरून राहतात आणि आतड्यातल्यासारख्या वेड्यावाकड्या ग्रंथी रचतात. हा प्रकार उतारवयात आणि पुरुषांत जास्त. त्याची सुरुवात बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे होणाऱ्या दाहातून होते. अस्तर झिजतं, तिथे आतड्यासारख्या पेशी उगवतात, मग त्या बिघडतात. यात कित्येक वर्षं जातात. जिवाणू औषधांनी घालवता येतो, म्हणून इतका अवधी हातचा जाताना पाहून जीव हळहळतो.

दुसरा प्रकार विखुरलेला. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन यात बरेचदा निकामी झालेलं असतं. सुट्या झालेल्या पेशी एकेकट्या जठराच्या भिंतीत शिरतात. काही पेशींच्या आत श्लेष्म, म्हणजे चिकट स्राव, इतका साठतो की केंद्रक कडेला दाबलं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. वरचं अस्तर बऱ्यापैकी ठीक दिसत असताना आतली भिंत चामड्यासारखी ताठ होत जाते. म्हणून वरवरच्या तुकड्यात कर्करोग सापडला नाही, तरी संशय असेल तर डॉक्टर पुन्हा, अधिक खोलवरचे तुकडे घेतात. तुलनेने तरुण रुग्णांत आणि स्त्रियांत हा प्रकार अधिक आढळतो. काही घराण्यांत तर दोषी जनुक वारशानेच येतं.

प्रकाराइतकीच खोलीही महत्त्वाची. गाठ अस्तरात किंवा त्याखालच्या थरातच असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण बरे होतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या किमान 16 लसिकाग्रंथी (लसिका हा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) तपासाव्यात असा दंडक आहे, कारण त्यांतल्या किती बाधित आहेत यावर पुढचे उपचार ठरतात. डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूला टणक गाठ हाताला लागली, तर मात्र बहुधा कर्करोग जठरापासून दूरवर पोहोचलेला असतो.