न सैलावणाऱ्या स्नायूंचे दुखणे

ओटीपोटात महिनोन्महिने ठणका लागलेला असतो, फार वेळ बसले की माकडहाडाशी कळ येते, लघवी करून आले तरी पुन्हा जावेसे वाटते, शरीरसंबंध नकोसे होतात. आणि सोनोग्राफी, लघवीची तपासणी, क्वचित दुर्बिणीतून केलेली तपासणीसुद्धा ‘सर्व ठीक’ असेच सांगते. अशा रुग्णाला, मग ती स्त्री असो वा पुरुष, शेवटी ‘मनाचे खेळ आहेत’ हे ऐकून घ्यावे लागते आणि दुखणे अंगावर काढण्यापलीकडे मार्ग उरत नाही. प्रत्यक्षात अशा कित्येक रुग्णांच्या वेदनेत श्रोणितलाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या, स्नायूंचा मोठा वाटा असतो, आणि नेहमीच्या सोनोग्राफीत या स्नायूंचा ताण कोणी पाहतच नाही.

पुढे ओटीपोटाखालच्या हाडापासून (जघनास्थी) मागे माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे पसरलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग त्यांच्या आधारावर असतो. आपण झोपेत असतानाही ते किंचित आवळलेले राहतात आणि लघवी किंवा शौचाच्या वेळी सैल होतात. हे सैल होणेच बिघडले, तर दुखणे सुरू होते. मूळ कारण काहीही असू शकते: मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), अवघड बाळंतपण, माकडहाडावर आपटणे. दुखऱ्या भागाला जपण्यासाठी स्नायू आखडतात, ते आखडल्याने त्यांच्यातच दुखऱ्या गाठी तयार होतात, आणि मूळ आजार बरा झाला तरी हे चक्र थांबत नाही. दीर्घकाळ वेदनेचे संदेश येत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदूही अधिक संवेदनशील होतात. एरवी जाणवलाही नसता असा साधा स्पर्श मग दुखू लागतो. ही वेदना खरी असते, फक्त तिचे कारण फोटोत उमटत नाही.

स्नायूंकडे बोट दाखवणारे डॉक्टर पूर्वीही होते. अमेरिकेतील जॉर्ज थिल यांनी १९३७ साली माकडहाडाच्या दुखण्याचा संबंध याच स्नायूंच्या आखडण्याशी जोडला आणि गुदद्वारातून बोटाने मालीश करण्याची पद्धत मांडली. पण नाव गाजले ते आर्नोल्ड केगेल यांचे. बाळंतपणानंतर सैल पडलेले स्नायू आवळून बळकट करण्याचे त्यांचे व्यायाम १९४८ साली प्रसिद्ध झाले. खोकताना-शिंकताना लघवी होणाऱ्या स्त्रियांना त्यांचा चांगला उपयोग होतो, पण पुढे ओटीपोटाच्या कुठल्याही तक्रारीवर हाच सल्ला दिला जाऊ लागला. जे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्यांना आणखी आवळायला लावले तर दुखणे वाढू शकते. (योगातील मूलबंधाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण त्यातही हेच स्नायू आवळले जातात.) अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली मूत्राशयाच्या वेदनेविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर, हे स्नायू दुखरे असतील तर हाताने केलेले भौतिकोपचार द्यावेत आणि बळकटीचे व्यायाम टाळावेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

या उपचारांची एक चाचणी मला विशेष विश्वासार्ह वाटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मूत्राशयाच्या जागी दुखणाऱ्या आणि श्रोणितलाचे स्नायू दुखरे असलेल्या ८१ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एका गटाला दुखऱ्या स्नायूंवर नेमके उपचार दिले, दुसऱ्याला संपूर्ण अंगाचे साधे मालीश केले, आणि दोन्हींकडे तासाभराच्या दहा बैठका ठरवल्या होत्या. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, हाताच्या उपचारात ती सोय नसते. मालीशाच्या गटामुळे निदान स्पर्श, वेळ आणि आपुलकी यांचा परिणाम वेगळा काढता आला. पहिल्या गटातील ५९ टक्के, तर दुसऱ्यातील २६ टक्के स्त्रियांनी आपल्याला मध्यम किंवा खूप बरे वाटत असल्याचे सांगितले. मात्र वेदना, लघवीची घाई आणि लघवीला जाण्याची वारंवारता यांच्या वेगवेगळ्या मोजमापांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. ‘एकंदरीत बरे वाटते’ आणि ‘दुखणे इतक्या अंकांनी कमी झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपचारात प्रत्यक्ष काय होते, याची रुग्णांना धास्ती असते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आधी पोट, मांड्या, जांघ आणि नितंब बाहेरून तपासतात. त्यानंतर, रुग्णाची संमती असेल तरच, हातमोजा घालून एका बोटाने योनीतून किंवा गुदद्वारातून स्नायूंची तपासणी केली जाते. दोरीसारखा ताठ पट्टा सापडला की त्यावर हळूहळू दाब देऊन तो सैल होण्याची वाट पाहायची, हे मुख्य तंत्र. नकोसे वाटले तर रुग्णाने थांबा म्हणायचे आणि तिथेच थांबायचे, हा नियम. जोडीला श्वासाचा सराव असतो: श्वास आत घेताना छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकते आणि त्याबरोबर श्रोणितलही किंचित खाली उतरते, त्यामुळे पोट फुगवून सावकाश घेतलेला श्वास या स्नायूंना सैल होण्याची सवय लावतो. सवयींकडेही पाहिले जाते. घराबाहेर पडताना गरज नसताना लघवीला जाणे, शौचाला कुंथणे, दिवसभर पोट आत ओढून वावरणे या सगळ्यांचा भार याच झोळीवर पडतो.

पुरुषांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचे दुखणे बहुधा प्रोस्टेटच्या खात्यात टाकले जाते आणि प्रतिजैविकांचे कोर्समागून कोर्स होतात, जरी दीर्घकाळच्या अशा बहुसंख्य रुग्णांत जंतू सापडतच नाहीत.

लघवीतून रक्त जाणे, ताप, विनाकारण वजन घटणे, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणे, किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरता येऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर गाठावेत. यातले शेवटचे लक्षण असेल तर त्याच दिवशी. एरवी सगळे अहवाल निर्दोष येऊनही दुखणे हटत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा मूत्रविकारतज्ज्ञांना एवढेच विचारावे: तपासताना श्रोणितलाचे स्नायू बोटाने दाबून पाहिले का, आणि ते दुखले का?