प्रतिसाद-संतुलन, विभागनिहाय

ऑनलाइन सर्वेक्षणातील लांबलचक प्रश्नावलीचे विभाग पाडून प्रत्येक उत्तरदात्याला त्यांपैकी मोजकेच विभाग द्यायचे आणि तरीही सर्व विभागांना सारख्या संख्येने उत्तरे मिळतील अशी वाटणी करायची, या पद्धतीस ही संज्ञा लावतात. वय, शिक्षण यांसारखे प्रश्न सर्वांनाच विचारले जातात. त्यांचा मिळून गाभा-विभाग होतो. सर्वांना सगळेच विभाग द्यायचे असल्यास फक्त त्यांचा क्रम फिरवतात, कारण शेवटी आलेल्या प्रश्नांना घाईची व त्रोटक उत्तरे मिळतात.

पद्धतीचा उगम कोठे मानावा याबाबत मतभेद आहेत. अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेत काही जादा प्रश्न सुमारे ५ टक्के व्यक्तींनाच विचारले गेले. काही जण तेथून सुरुवात धरतात. पण त्यात विभागांची अदलाबदल नव्हती. शैक्षणिक मापनात फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६२ च्या सुमारास प्रश्नांचाच नमुना घेण्याची कल्पना मांडली, आणि तिला मूळ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. तिच्यामागचे गणित मात्र बरेच जुने आहे. कोणत्याही दोन वस्तू नेमक्या एकाच त्रिकुटात एकत्र येतील अशा त्रिकुटांच्या रचनेचा प्रश्न टॉमस कर्कमन यांनी १८४७ मध्ये सोडवला होता. याकोब श्टायनर यांनी तो १८५३ मध्ये पुन्हा उपस्थित केला आणि रचनेला नाव श्टायनर यांचे पडले. फ्रँक येट्स यांनी १९३६ मध्ये शेतीवरील प्रयोगांसाठी संतुलित अपूर्ण गट अभिकल्प (प्रत्येक गटात काहीच पर्याय, पण पर्यायांची प्रत्येक जोडी सारख्याच वेळा एकत्र, अशी मांडणी) मांडला. अशा अभिकल्पांच्या रचनेच्या रीती राजचंद्र बोस यांनी कलकत्त्यात काम करीत असताना १९३९ मध्ये दिल्या.

उदाहरणार्थ, सात विभाग असून प्रत्येकाला तीनच द्यायचे असतील, तर सात नमुनापत्रे पुरतात : १-२-३, १-४-५, १-६-७, २-४-६, २-५-७, ३-४-७, ३-५-६. प्रत्येक विभाग तीन पत्रांत येतो व विभागांची कोणतीही जोडी नेमकी एकदा येते. सातशे जणांत ही पत्रे सारखी वाटली, तर प्रत्येक विभागाला ३०० व प्रत्येक जोडीला १०० उत्तरे मिळतात. नुसती विभागवार बेरीज जुळवून काही जोड्या वगळल्या गेल्या, तर त्या विभागांमधील सहसंबंध थेट काढता येत नाही. पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००३ च्या फेरीत याच तत्त्वाने १३ प्रश्नसंचांच्या १३ पुस्तिका केल्या होत्या. प्रत्येक पुस्तिकेत चार संच होते.

ऑनलाइन वाटणीत खरी अडचण मोजणीची येते. ज्या विभागाला सर्वांत कमी उत्तरे, तो पुढच्या उत्तरदात्याला द्यावा, हा नियम सोपा वाटतो. परंतु गणती उत्तरे सादर झाल्यावरच वाढवली, तर निमंत्रणे गेल्याबरोबर आलेली सारी मंडळी एकाच विभागात लोटली जातात. ती फॉर्म उघडताक्षणी वाढवली, तर अर्ध्यावर सोडून गेलेलेही मोजले जातात. म्हणून उघडताना जागा राखून ठेवणे व ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास ती मोकळी करणे हा मधला मार्ग बहुधा घेतला जातो.

तरीही संख्या जुळली म्हणजे नमुना जुळला असे होत नाही. कंटाळवाण्या विभागातून अधिक जण गळतात आणि त्या जागी नवे भरत गेल्यास तेथे चिकाटीचे लोक जास्त उरतात. तक्त्यात मात्र आकडे समान दिसतात. हे टाळण्यासाठी बरेच संख्याशास्त्रज्ञ यादृच्छिक वाटणीला झुकते माप देतात व विभागवार गळती स्वतंत्रपणे नोंदवतात. ब्रॅडली एफ्रन यांनी वैद्यकीय चाचण्यांसाठी १९७१ मध्ये सुचवलेले ‘झुकते नाणे’ ही यादृच्छिक वाटणी व संख्या जुळवणे यांतील तडजोड होय : मागे पडलेल्या गटाकडे दोन-तृतीयांश संभाव्यतेने पाठवणे.

न विचारलेल्या प्रश्नांच्या रिकाम्या जागा यादृच्छिक वाटणीमुळे पडलेल्या असल्यास बहुगुणित आरोपणाने, म्हणजे मिळालेल्या उत्तरांवरून संभाव्य उत्तरांचे अनेक संच अंदाजून, भरता येतात. रघुनाथन व ग्रिझल यांनी १९९५ मध्ये विभाजित प्रश्नावलीसाठी ही वाट दाखवली. गळतीमुळे पडलेल्या रिकाम्या जागांना त्या यादृच्छिकपणे पडल्याचे गृहीतक सरसकट लागू पडत नाही.