ब्रिज कॅमेरा घेऊ की डीएसएलआर? दुकानात येण्याआधी एवढं वाचून या

दुकानात आणि व्हॉट्सॲपवर रोज येणारे प्रश्न दोनच. पहिला, "झूम किती एक्स?" आणि दुसरा, "पण डीएसएलआर कधीही चांगलाच ना?" फोनवर एका वाक्यात उत्तर दिलं की हमखास गैरसमज होतो, म्हणून हे पत्रक काढलंय. ब्रिज म्हणजे मोठ्या झूमची लेन्स कायमची जोडलेला कॅमेरा, आणि डीएसएलआर म्हणजे ज्याची लेन्स काढून दुसरी लावता येते तो. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते), शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) वगैरे शब्द तुमच्या कानावरून गेलेत असं धरून लिहितोय, काही अडलं तर समोर बसून सांगूच.

आधी ती चूक सांगतो जिच्यामुळे सगळ्यात जास्त लोक परत येतात. थंडी पडली की भिगवणचे फोटो ग्रुपवर फिरायला लागतात, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी, चित्रबलाक, आणि मग घरात ठरतं की आता कॅमेरा घ्यायचाच. बजेटमध्ये एन्ट्री लेव्हल डीएसएलआर बसतो, कॅनन १५००डी किंवा सेकंडहँड निकॉन डी३५००, सोबत १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी. दिसायला मोठा, गळ्यात अडकवला की भारी वाटतं. रविवारी कुंभारगावला जाऊन नावेत बसतात आणि सोमवारी दुकानात, की कॅमेऱ्यात काहीतरी प्रॉब्लेम आहे, पक्षी ठिपक्याएवढे येतायत. कॅमेरा एकदम ठणठणीत असतो हो, त्या लेन्समधून लांबचा पक्षी एवढाच दिसणार.

आता हा एक्स काय प्रकार आहे ते बघा. लेन्सवरचा मोठा आकडा भागिले लहान आकडा, संपलं. १८-५५ म्हणजे ३ एक्स. निकॉनचा पी९०० हा ब्रिज २४ ते २००० मिमी, म्हणून ८३ एक्स. आणि ताडोबात लोक जी दोन किलोच्या आसपासची १५०-६०० लेन्स घेऊन फिरतात ती किती एक्स? फक्त ४. म्हणजे एक्सवरून लेन्स किती लांबचं ओढते ते कळतच नाही. विचारायचा तो शेवटचा आकडा, किती मिमी.

त्यातही एक गोम आहे. ब्रिज कॅमेऱ्याच्या जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा आधीच फुल फ्रेमच्या (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात लिहिलेला असतो, डीएसएलआरच्या लेन्सवरचा नसतो, त्याला कॅननमध्ये १.६ ने आणि निकॉनमध्ये १.५ ने गुणायचं. मग कॅननवर तुमची ५५ ची लेन्स झाली ८८. समोर पी९०० चे २०००. तोच पक्षी त्याच जागेवरून ब्रिजमध्ये वीस पटीहून जास्त मोठा दिसणार. डीएसएलआरला ५५-२५० लावली तर ४०० पर्यंत पोचता, मेगापिक्सेल २४ असल्यामुळे थोडं क्रॉप (फोटो कापून मोठा करणं) पण चालतं, नावेतून बऱ्यापैकी जवळ जायला मिळालं तर त्यात छान काम होतं. म्हणून पक्ष्यांसाठी डीएसएलआर घेणाऱ्याला आम्ही सांगतो की दुसऱ्या लेन्सचे पैसे पहिल्याच दिवशी बजेटमध्ये धरा, "लेन्स नंतर घेऊ" म्हणालात तर ते नंतर बऱ्याचदा येतच नाही आणि कॅमेरा कपाटात जातो. १५००डी दोन लेन्सच्या किटमध्येही आलेला आहे, मिळाला तर ते किट वेगवेगळं घेण्यापेक्षा परवडतं. एवढे पैसे आत्ता नाहीत आणि मुख्य आवड पक्षी हीच आहे, तर सरळ ब्रिज घ्या. यात कमीपणा काही नाही.

मग सगळ्यांनी ब्रिजच का घेऊ नये? कारण उजेड. पी९००, पी१००० किंवा कॅननचा एसएक्स७०, यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, साधारण ६.२ बाय ४.६ मिमीचा, करंगळीच्या नखाहून लहान. १५००डीचा २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ बारा पट. भर उन्हात हा फरक मोबाईलवर बघताना कळतसुद्धा नाही, पण उजेड कमी झाला की लगेच कळतो. त्यात ब्रिजची लेन्स पूर्ण लांब केली की तिचं तोंड बारीक होतं, पी९०० ला एफ ६.५ आणि ३००० मिमीवाल्या पी१००० ला एफ ८ (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), म्हणजे आधीच लहान सेन्सर आणि वर उजेड कमी.

इथे लोक म्हणतात, अहो पण यूट्यूबवर याच कॅमेऱ्याने रात्री चंद्राचे खड्डे दिसतात की. दिसतात, आणि व्हिडिओ खराच असतो. पण चंद्रावर ऊन पडलेलं असतं! तुमच्यासाठी रात्र आहे, कॅमेऱ्यासाठी चंद्र म्हणजे उन्हातली वस्तू, आयएसओ १०० वर आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास शटर ठेवून तो सहज निघतो. तो व्हिडिओ बघून नाईट फोटोग्राफीसाठी ब्रिज मागायला आलात तर आम्ही पुढे सरकू देणार नाही, आधी दुकानातले दिवे कमी करून दाखवू.

शाळेचं गॅदरिंग घ्या. मुलगी स्टेजवर नाचतेय, तुम्ही आठव्या रांगेत, झूम आहे म्हणून पूर्ण ओढला. नाचणारं मूल न हलता यायला शटर निदान सेकंदाच्या २५० व्या भागाएवढं तरी लागतं, हॉलमधल्या लाईटमध्ये आयएसओ १६००-३२०० वर जातो आणि चेहरा पाणी सांडलेल्या रांगोळीसारखा पसरतो, डोळे-भुवया एकत्र. पण खरं सांगायचं तर किट लेन्सवाला डीएसएलआरसुद्धा इथे फार मोठी जादू करत नाही, कारण १८-५५ पण ५५ वर एफ ५.६ च आहे, सेन्सर मोठा म्हणून फोटो बरा येतो एवढंच. त्याचं औषध म्हणजे ५० मिमी एफ १.८ ची लेन्स. एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहा पट उजेड आत घेते, लहानशी, हलकी, आणि कॅनन-निकॉनच्या लेन्समध्ये सगळ्यात स्वस्तातल्यांपैकी एक. झूम नाही, पुढच्या रांगेत जाऊन बसावं लागेल. पण बारसं, साखरपुडा, घरातला गणपती, समईच्या उजेडातली आरती, हे सगळं ती लेन्स करते आणि कुठलाच लहान सेन्सरचा ब्रिज हे करू शकत नाही. घरचे कार्यक्रम हीच तुमची गरज असेल तर डीएसएलआर आणि ही लेन्स, डोळे झाकून.

निकॉनवाल्यांनी जपून. डी३५००, डी५६०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ऑनलाइन कुणाकडून तरी जुनी ५० मिमी १.८डी स्वस्तात घेतलीत तर लेन्स बसेल, ऑटोफोकस होणार नाही, हाताने फिरवत बसावं लागेल. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली बघून घ्या, आणि कळत नसेल तर पैसे द्यायच्या आधी आम्हाला लेन्सचा फोटो पाठवा, आमच्याकडून नाही घेतली तरी सांगू.

उडत्या पक्ष्यांचं वेगळं. बसलेला खंड्या ब्रिज सुंदर काढतो. उडणारा थवा किंवा पाण्यावर झेपावणारी मासेमार घार, तिथे एन्ट्री लेव्हल डीएसएलआरचाही फोकस जास्त पटकन बसतो आणि व्ह्यूफाइंडरमधून पक्षी सुटत नाही. ब्रिजमध्ये २००० मिमीवर पक्षी शोधण्यातच तो निघून जातो, म्हणून आधी झूम कमी ठेवून पक्षी पकडायचा आणि मग ओढायचं, ही सवय आम्ही डिलिव्हरीच्या वेळी करून घेतो. डिजिटल झूम (लेन्सने नाही, फोटो नुसता कापून मोठा करणारा) तेव्हाच बंद करून देतो, तो चालू ठेवून "फोटो फाटतो" म्हणणारे बरेच येतात. आणि दुपारी बारानंतर पाण्यावरून लांबचे फोटो लहरी-लहरी आले तर तो गरम हवेचा परिणाम आहे, सर्व्हिस सेंटरला पाठवायची गरज नाही, सकाळी लवकर जा.

एक इंची सेन्सरचे ब्रिजही असतात, सोनीचा आरएक्स१० मार्क ४ वगैरे, २४ ते ६०० मिमी आणि लेन्स एफ २.४ ते ४. फार गुणी कॅमेरा, पण त्या पैशात दोन लेन्सचा डीएसएलआर येऊन पैसे उरतात. ट्रेकला एकच वस्तू न्यायची आणि खर्चाची अडचण नाही अशांसाठी.

डीएसएलआर आता बंद होणार का, हाही प्रश्न असतो. कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांवर) आहे हे खरंय, डी३५०० चं उत्पादन थांबलंय. पण त्याच कारणाने चांगल्या जुन्या लेन्स सेकंडहँडला स्वस्त मिळतायत, आणि शिकायचं असेल तर हीच वेळ चांगली आहे असं आमचं मत आहे. पुढे मिररलेसवर गेलात तरी कॅननच्या ईएफ लेन्स ॲडॅप्टर लावून चालतात.

आता आमच्याबद्दल ज्या तक्रारी असतात त्या. कॅमेरा दाखवायच्या आधी आम्ही फार चौकशा करतो असं काही जण म्हणतात. करतो, कारण उघडलेला कॅमेरा पूर्ण किमतीला परत घेता येत नाही. वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून सुरू झालेली असते, डीएसएलआर असेल तर शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढले त्याचा आकडा) चढलेला असतो, पुढचं गिऱ्हाईक त्याला नवा म्हणून घेणार नाही आणि आम्ही त्याला नवा म्हणून विकणार नाही. नुकसान तुमचं होतं आणि अर्धा दिवस दोघांचा जातो. त्यापेक्षा आधीची पंधरा मिनिटं परवडली. ऑनलाइन दोन पैसे कमी दिसत असतील, पण तिथे कुणी तुम्हाला "हा घेऊ नका" म्हणणार नाही.

येताना मोबाईलमधले तुमचे गेल्या वर्षातले आवडते फोटो दाखवायला आणा, पक्षी जास्त आहेत की माणसं हे त्यातच कळतं. स्वतःचं एसडी कार्ड आणा, डेमोच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर काढा, बाहेर समोरच्या बिल्डिंगची टाकी आणि आत दिवे कमी करून एकमेकांचे चेहरे, आणि घरी नेऊन मोठ्या स्क्रीनवर बघा. शक्यतो संध्याकाळी या, दुपारच्या उन्हात सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. ५५-२५० आणि ५० मिमी दोन्ही लेन्स एक दिवसाच्या भाड्याने मिळतात, नंतर लेन्स आमच्याकडून घेतलीत तर भाडं बिलातून वजा होतं, डिपॉझिट आणि ओळखपत्र मात्र लागेल. भिगवणच्या सीझनमध्ये शनिवार-रविवारचं बुकिंग बुधवारपर्यंत सांगा.