छोट्या कुत्र्याचं म्हातारपण, घरी काय बघायचं नि डॉक्टरकडे कधी पळायचं

नमस्कार मंडळी. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी इकडून आमच्याकडे कुत्र्याची आंघोळ, केस कापणं नि खाणं न्यायला जे येतात त्यांच्यासाठी हे पत्रक. आपल्याकडे छोट्या जातीचे म्हातारे कुत्रे बरेच आहेत आणि त्यातले कितीतरी मूळचे मुंबईचे. पोराने फ्लॅटवर हौसेने पग नाहीतर शिह त्झू घेतला, मग बाळ झालं किंवा भाड्याची जागा बदलली, नि गणपतीला गावी आणून आईबाबांकडे ठेवला तो इथलाच झाला. लसीचं कार्ड मुंबईतच राहिलं, वय कोणालाच नक्की माहीत नाही, आणि काही दुखलंखुपलं की वाक्य ठरलेलं, "म्हातारो झालो आता, काय करतलास."

तर आधी वयाचं बघू. पॉम (पॉमेरेनियन), डॅशहंड, शिह त्झू, ल्हासा हे नीट सांभाळले तर 13-15 वर्षं आरामात काढतात, मोठ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त. साधारण 9-10 वर्षांपासून त्यांना म्हातारं धरायचं, म्हणजे त्यापुढेही चार-पाच वर्षं आहेत आणि ती "वय झालं" म्हणून सोडून द्यायची नाहीत. खोकला, पाणी जास्त पिणं, जिना न चढणं, रात्री फिरत राहणं, या प्रत्येकामागे काहीतरी सापडतं आणि बऱ्याच वेळा त्यावर औषध असतं. आम्ही डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, पण कुत्रा टेबलावर घेऊन तासभर हाताळला की जे दिसतं ते घरच्यांना दिसत नाही, कारण ते रोज बघतात.

दात

सगळ्यात जास्त हेच बिघडलेलं बघतो. कुत्र्याला 42 दात असतात, ग्रेट डेनला पण 42 नि चिवावाला पण 42, मग त्या एवढ्याशा जबड्यात गर्दी होणारच. फटीत अन्न अडकतं, त्याचं पिवळं-तपकिरी दगडासारखं किटण होतं, हिरडी सुजते नि आतलं हाड झिजत जातं. ओठ गालाच्या बाजूने वर उचला नि वरच्या मागच्या मोठ्या दाढेकडे बघा, पहिलं किटण तिथेच दिसतं. पुढचे दात पांढरेशुभ्र नि मागे दाढ अख्खी झाकलेली असं खूपदा असतं. डोळ्याखाली अचानक सूज आली तर डोळ्याला काही चावलं असं लोक धरतात, पण बऱ्याचदा खाली दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो.

लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, पेस्ट कुत्र्यांचीच. आपली नको, तिच्यात फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल, ते कुत्र्याला विष आहे. आतली बाजू राहिली तरी चालेल, बाहेरची बाजू रोज झाली तरी पुष्कळ. किटण एकदा दगड झालं की ब्रशने जात नाही, ते डॉक्टरनेच भूल देऊन काढायचं. आम्हाला बरेच जण विचारतात, तुम्हीच खरवडून द्या ना, भूल नको या वयात. आम्ही करत नाही नि करणार पण नाही. वरून चकचकीत होतं, हिरडीच्या आतली घाण तशीच राहते. आधी रक्त तपासून, हृदय ऐकून दिलेली भूल बहुतेक म्हाताऱ्या कुत्र्यांना झेपते, सडलेले दात घेऊन जगणं जास्त जड आहे.

खोकला आणि श्वास

छोट्या जातींत उतारवयात हृदयाची एक झडप जाड होत जाते, नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. डॉक्टर स्टेथोस्कोपने ऐकतात तेव्हा मर्मर येतो, म्हणजे ठोक्यासोबत फुसफुस असा जादा आवाज. मर्मर आहे म्हणजे लगेच काही झालं असं नव्हे, कित्येक कुत्रे वर्षानुवर्षं तसेच मजेत असतात. पण हृदय मोठं व्हायला लागलं की नाही हे एक्सरे नि इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) कळतं आणि तेच कळायला हवं, कारण 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की हृदय मोठं झालंय पण त्रास अजून सुरू नाही अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे हृदयाचं औषध चालू केलं तर हार्ट फेल्युअर सरासरी 15 महिने पुढे गेलं. कुत्र्याच्या आयुष्यात 15 महिने म्हणजे केवढे झाले बघा. इकोसाठी आपल्याकडून बऱ्याचदा कोल्हापूर नाहीतर गोवा गाठावं लागतं, त्रास आहे, पण एकदा जाऊन या.

घरी फुकट करायची गोष्ट म्हणजे श्वास मोजणं. कुत्रा गाढ झोपलेला असताना, धापा टाकताना नाही नि स्वप्नात पाय हलवतोय तेव्हा पण नाही, छाती वर जाऊन खाली आली की एक, असं अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. 30 च्या आत पाहिजे. पुन्हा पुन्हा 30 च्या वर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. ज्यांच्या कुत्र्याला मर्मर सांगितलाय त्यांनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी हा आकडा पण लिहावा, आमच्या एक काकू तसंच करतात आणि त्यांचे डॉक्टर ते कॅलेंडरच मागवून बघतात.

दुसरा खोकला वेगळा, कोरडा, बदक ओरडल्यासारखा, पाहुणे आले की किंवा पट्टा ओढला की सुरू होणारा. पॉममध्ये फार. ती श्वासनळी सैल होऊन दबते. त्याला गळ्यातला पट्टा बंद करून छातीचा हार्नेस घाला, वजन उतरवा आणि खोलीत कॉइल, धूप, अगरबत्ती नको. दोन्ही खोकले एकाच कुत्र्याला असू शकतात, म्हणून कुठला ते आपणच ठरवून कफ सिरप पाजू नका.

आणि उकाडा. आपल्याकडे विदर्भासारखं ऊन नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कुत्रा गार होतो तो धापा टाकून, आणि हवेत एवढा दमटपणा असला की धापा टाकून पण उष्णता नीट बाहेर पडत नाही. पग आणि शिह त्झू, ज्यांचं नाकच चेपलेलं, त्यांची तर एप्रिल-मेमध्ये परीक्षाच. फिरायला उजाडताना, दुपारी लादीवर फॅनखाली, लाइट गेली तर अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होतो, पोट नि पाय ओले करून वारा घाला.

पाणी

म्हातारा कुत्रा पाणी जास्त पितोय हे "उकाडा आहे म्हणून" या एका वाक्यात संपवलं जातं. मोजा. सकाळी बाटलीने मोजून भांडं भरायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. किलोमागे दिवसाला 100 मिलीच्या वर गेलं म्हणजे जास्तच, 5 किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर. त्यामागे किडनी असू शकते, डायबेटीस असू शकतो, किंवा कुशिंग हा हार्मोनचा आजार, ज्यात पोट सुटतं, केस विरळ होतात नि भूक भयंकर वाढते, घरचे म्हणतात छान खातोय. हे सगळं रक्त-लघवीच्या तपासणीत कळतं, सहा महिन्यांनी एकदा करून घ्या. पाणी जास्त पितो, सारखा मुततो म्हणून रात्री भांडं उचलून ठेवू नका, किडनीवाल्याला ते फार वाईट.

मादी असेल, ऑपरेशन झालेलं नसेल आणि हीट येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती मलूल झाली, पाणी खूप प्यायला लागली, उलट्या किंवा खालून घाण वास येणारा स्राव, तर गर्भाशयात पू झालाय असं धरून निघा. स्राव नसला तरी असू शकतं. याला उद्या सकाळ नाही.

पाठ, गुडघे नि तेलाची वाटी

डॅशहंडची पाठ लांब, मणक्यातली गादी सरकते. कालपर्यंत ओटीवरून उडी मारणारा आज मागचे पाय लटपटवतो, पाठ कमानीसारखी करतो, उचललं की ओरडतो. आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते, खोबरेल तेल कोमट करून चोळायला घेतात. नको. पाठ दुखतेय तोवर चोळायचं नाही, फिरवायचं नाही, लहान जागेत शांत बसवायचं नि डॉक्टर. मागचे पाय पूर्ण गेले असतील तर तासांचा प्रश्न असतो, ऑपरेशन लागलं तर ते लवकर व्हायला पाहिजे. आणि घरातली गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक काहीच नको, 4 किलोच्या जिवाला अर्धी गोळी पण खूप झाली.

पॉम चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडी घालतो नि परत नीट चालतो, ती गुडघ्याची वाटी सरकते. तरुणपणी चालून जातं, म्हातारपणी सांधा दुखायला लागतो. हल्ली घराघरांत गुळगुळीत टाइल्स आल्यात, त्यावर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात, तो उठताना घसरला की मग उठायलाच घाबरतो. पाणी-खाण्याच्या वाटेवर जुनी चटई, रबरी मॅट टाका, पंजाखालचे केस कापून घ्या. जुन्या सारवलेल्या पडवीत हा त्रास नव्हता हे खरंच आहे.

वजन याच्यातच आलं. 6 किलोच्या कुत्र्यावर 1 किलो जास्त म्हणजे थोडं नव्हे. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. चहाबरोबरची बिस्किटं बंद करा, आजोबांना वाईट वाटेल, वाटू दे.

खाणं

पेज पोट बिघडलं तर चांगली, पण रोज पेजभात नि वर दूध यावर म्हातारा कुत्रा मांस गमावतो, किडनीचा आजार नसेल तर त्याला प्रथिनं हवीत. अंडं, काटे काढून उकडलेला मासा, चिकन हाडाशिवाय. सुकट, सुका बांगडा नको, मीठ फार. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट नको, आणि मोदक-शिऱ्यातल्या मनुका पण. मे महिन्यात आंब्याची कोय! चोखायला टाकतात, छोटा कुत्रा गिळतो नि आतड्यात अडकते, ऑपरेशनच. पावसात ड्राय फूडची मोठी बॅग घेऊ नका, स्वस्त पडते पण उघडी राहिली की आठवड्यात मऊ पडून बुरशी धरते, लहान बॅग घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा. हे सांगून आमचंच नुकसान आहे, असू दे.

पावसाळा

घराबाहेर जात नाही मग लस कशाला असं म्हणू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार उंदराच्या मुतातून येतो आणि पावसात उंदीर घरातच येतात. ती लस दरवर्षी लागते. आधी कधी दिली नसेल किंवा कार्डच नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, म्हणजे मृग लागायच्या आत पुरं करायचं तर एप्रिल संपता संपता सुरुवात. लेप्टो झालेल्या कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला, माणसालाही होतो.

गोचीड. दोडामार्गाकडच्या लोकांना माकडतापामुळे गोचीड म्हणजे काय ते सांगायला नको, कुत्र्यांना गोचिडीमुळे होणारे ताप वेगळे पण म्हाताऱ्याला आडवं करणारेच. गुरांसाठी आणलेलं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून पॉमला लावू नका. अमिट्राझने तर रक्तातली साखर वाढते, डायबेटीसवाल्याला ते मुळीच नको. वजनाप्रमाणे कुत्र्याचं औषध मिळतं, वजन करून घेऊन जा.

डोळे नि रात्रीचं फिरणं

बुबुळात निळसर धुकं दिसतं ते वयाने भिंग घट्ट झाल्यामुळे, दिसतं बऱ्यापैकी. दुधासारखं पांढरं असेल तर मोतीबिंदू. पग, शिह त्झू, ल्हासाच्या डोळ्यांत रोज चिकट पिवळा चिपडा म्हणजे डोळा कोरडा पडतोय, कायमचे ड्रॉप लागतात. मेडिकलमधून उरलेले स्टेरॉइडचे ड्रॉप टाकू नका, आत जखम असली तर डोळा जाईल.

मध्यरात्री उठून घरभर फिरणं, कोपऱ्यात बघत उभं राहणं, दाराच्या चुकीच्या बाजूला जाऊन थांबणं. याला राखणदार (गावाची राखण करणारा देव) दिसतो असं म्हणणारे आमच्याकडे पण आहेत, श्रद्धेचं आम्ही काही बोलत नाही, पण मेंदूचं म्हातारपण पण असंच दिसतं. आधी दुखणं, नजर नि लघवीचा त्रास नाही ना हे बघून घ्या, मग डॉक्टर औषध देतात. घरातलं सामान हलवू नका, रात्री छोटा दिवा चालू ठेवा.

डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, खोकल्याचा, चालण्याचा, कारण तिथे टेबलावर तो एकदा पण खोकणार नाही. आंबोली नाहीतर करूळ घाटातून जाणार असाल तर निघण्यापूर्वी पोटभर घालू नका. मुंबईहून आलेल्या कुत्र्याची जुनी फाइल पोराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या, फोटो चालतात. वजन आमच्या काट्यावर कधीही करून जा, पैसे नाहीत, काही घेतलंच पाहिजे असं पण नाही. मे महिन्यात आणि गणपतीत गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर या, म्हाताऱ्या कुत्र्याला बाहेर उन्हात थांबवू नका, आत घेऊन बसा.